बावखलाकाठची इमारत

श्रीपतशेठला स्वित्झर्लंडचा वीट आला होता. तो स्वतः कधी तिकडे गेलेला नव्हता; रेतीच्या ट्रकांवरून वर आलेला माणूस, त्याचं जग विरारपासून भाईंदरपर्यंत. पण त्याच्या जाहिरातींवर नेहमी बर्फाचे डोंगर असायचे, खाली निळाशार तलाव, आणि तलावाच्या काठी नालासोपारा पश्चिमेची चार मजली इमारत. मागच्या रविवारी एका गिऱ्हाइकाने ते पत्रक हातात धरून साळसूदपणे विचारलं होतं, "शेठ, इथे बर्फ कुठल्या महिन्यात पडतो?" सगळे हसले, श्रीपतशेठही हसला. गिऱ्हाईक मात्र चहा पिऊन गेलं ते परत आलं नाही.

"मला आपल्या इकडचं पाहिजे," तो फेबियनच्या स्टुडिओत येऊन म्हणाला. "माड पाहिजेत, केळी पाहिजेत, पाणी पाहिजे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की खिडकी उघडली की हेच दिसणार." त्याच्या साइटवर खिडकी उघडली की काय दिसायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पडीक भातखाचर आणि त्यात ओतलेला राडारोडा. पण धंद्यात असले प्रश्न विचारायचे नसतात. फेबियनने मान डोलावली आणि कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मितेशकडे बोट दाखवलं.

मितेश म्हणजे जवळच्याच गास गावच्या तुळशीदासचा एकुलता एक मुलगा. बापाची वाडी होती, पानवेल होती, केळी होत्या, सोनचाफा होता. पण मुलाला मातीत हात घालायचा कंटाळा. बारावीनंतर कॉम्प्युटरचा क्लास करून तो फेबियनकडे चिकटला. लग्नाच्या ग्रुप फोटोत रुसून न आलेला मामा आणून उभा करायचा, पिऊन आलेला काका पुसून टाकायचा, वारलेल्या आजोबांना नातवाच्या चर्चमधल्या कम्युनियनला हजर करायचं, ही त्याची कामं. ज्यांचं काम व्हायचं ते त्याबद्दल बाहेर चकार शब्द काढत नसत. त्यामुळे मितेशची कला अर्ध्या तालुक्याच्या भिंतींवर टांगलेली होती आणि कुणालाच माहीत नव्हती. हे त्याला डाचायचं. आळीत लोक त्याला फोटोवाला म्हणत. बाप तेवढंही म्हणत नसे. "दिवसभर काय करतोस रे त्या खोलीत?" हा तुळशीदासचा प्रश्न आणि "काम" हे मितेशचं उत्तर, इथे बापलेकाचं बोलणं संपायचं.

"आहे माझ्याकडे," मितेश श्रीपतशेठला म्हणाला. "तुम्हाला पाहिजे तसंच आहे."

गणपतीनंतर एका सकाळी त्याने फेबियनचा कॅमेरा नेऊन घरामागच्या बावखलाचा एक अख्खा रोल काढला होता. वाड्यांच्या मधोमध खणलेलं ते जुनं, मोठं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठायचं आणि आळीच्या सगळ्या वाड्या उन्हाळाभर त्यावर निघायच्या. बावखल सामायिक होतं. घराघराचा त्यात हिस्सा, आणि हिस्से ओळखायला दगड नाहीत की कुंपण नाही, काठावरची झाडं हीच खूण. उंडीपासून वाकड्या माडापर्यंतचा काठ तुळशीदासचा, माडापासून भेंडीपर्यंतचा काशीरामचा, असं करत पुरा फेरा. शाळेत पाढे चुकणाऱ्या पोरालाही हे पाठ असायचं. वाकड्या माडाचा नारळ पाण्यात पडून कुणाच्याही काठाला लागला, तरी तो तुळशीदासच्या ओटीवर पोचता व्हायचा.

आणखी एक गोष्ट आळीत सगळ्यांना पाठ होती. जमिनींचे दलाल मोटारसायकली घेऊन गासमध्ये फिरायला लागले, त्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर तुळशीदासने सगळ्या हिस्सेदारांना पाण्यातच थांबवून घेतलं होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून प्रत्येकाने ओंजळभर पाणी उचललं आणि शब्द दिला की आपल्या काठाचा टीचभर तुकडाही बिल्डरला देणार नाही. सामायिक मालमत्तेचं असंच असतं, एकाने दोर सोडला की बाकीच्यांच्या हातात काही उरत नाही. काशीराम तेव्हा थोडा कुरकुरला होता, कारण त्याला दोन मुलगे आणि दोघांना मुंबईची हौस. पण तुळशीदासने आधी ओंजळ उचलली म्हटल्यावर त्यानेही उचलली. तुळशीदासचा शब्द म्हणजे आळीत दगडावरची रेघ होती.

हे सगळं मितेशला ठाऊक होतं. बापाशेजारी तोही पाण्यात उभा होता. पण कॉम्प्युटरपुढे बसला की त्याला काठ दिसायचा नाही, फक्त उजेड दिसायचा.

आणि उजेड त्या फोटोत फार सुरेख होता. त्याने प्रिंट स्कॅन केली, धुळीचे ठिपके एकेक करून पुसले आणि आर्किटेक्टने दिलेली इमारत कापून आणली. आधी ती उजवीकडे भेंडीच्या मागे ठेवून पाहिली. जमेना. फोटोतलं ऊन डावीकडून येत होतं आणि उजव्या बाजूला झाडांची दाट सावली; त्या सावलीत चकचकीत इमारत म्हणजे कुणीतरी भिंतीवर कॅलेंडर चिकटवल्यासारखी दिसायची. म्हणून त्याने ती उचलून डावीकडे नेली, उंडी आणि वाकडा माड यांच्या मधल्या जागेत, बापाच्या केळीवरच. तिथे ती अशी बसली की जणू तिचा पाया बापजाद्यांनीच खणून ठेवला होता. माडाच्या झावळ्या त्याने एकेक करून इमारतीच्या पुढे आणल्या. झावळीच्या पात्यापात्यामधून भिंत दिसली पाहिजे, आणि कडेला पांढरी किनार राहता कामा नये; नवखा माणूस तिथेच पकडला जातो. मग इमारत उलटी करून पाण्यात सोडली, तिचा रंग पाण्याच्या हिरव्यात मिसळून फिका केला, तिच्यावर बारीक लहरी आणल्या, आणि कुमुदिनीची पानं त्या प्रतिबिंबाच्या वर ठेवली. भिंतीचा कोरेपणा जाईना, तर पावसाचे दोन फिकट ओघळही काढले. नवीन इमारतीवर ओघळ कोण काढतो? पण तेच तर कसब. देखावा खरा वाटायचा असेल तर त्यात थोडं कमीपण ठेवावं लागतं.

एक अडचण उरली. त्या सकाळी तुळशीदास बावखलात उतरून शेवाळ काढत होता. कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं, हातात वेलींचा गोळा, आणि चेहरा नेमका कॅमेऱ्याकडे. फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाला जाहिरातीत लंगोटीवाला कशाला दाखवायचा? मितेशने शेजारचं पाणी उचलून त्याच्यावर लावायला सुरुवात केली. आधी हात गेले, मग छाती, मग डोकं. थोड्या वेळाने तिथे नुसतं पाणी होतं, आणि काठावर सीडीवरून आणलेलं एक गोरं जोडपं पळत होतं. मितेशने त्यांना थोडं सावळं केलं.

बापाला पुसताना त्याचा हात थरथरला वगैरे, असं काही झालं नाही. उगाच खोटं कशाला सांगा? तो गुणगुणत होता.

"पोरा, हे तर खऱ्याच्या वर गेलं," फेबियन म्हणाला. श्रीपतशेठ बराच वेळ स्क्रीनसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ही जागा कुठे आहे?" मितेश हसून म्हणाला, "माझ्या डोक्यात." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कामाला फसलं होतं आणि वर कौतुकही केलं होतं. मूठभर मांस चढायला माणसाला आणखी काय लागतं?

नालासोपारा स्टेशनबाहेर, पश्चिमेच्या रिक्षा स्टँडवर, तो देखावा घराएवढा होऊन लागला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाण्याकाठी, माडांखाली, नालासोपारा पश्चिम'. गाव नाही, रस्ता नाही. श्रीपतशेठला मोघम बोलायची जुनी सवय होती.

गासच्या बायका भाजी-फुलं घेऊन त्याच स्टँडवर उतरायच्या. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बघत राहिल्या. शहरातल्या माणसाला त्या फोटोत तळं दिसलं असतं, माड दिसले असते, इमारत दिसली असती. आळीच्या माणसाला फक्त एकच गोष्ट दिसली. उंडी आणि वाकडा माड यांच्यामध्ये इमारत उभी होती, म्हणजे ती तुळशीदासच्या काठावर होती. बाकी काही वाचायची गरज नव्हती.

संध्याकाळी तुळशीदास पानांच्या टोपल्या टेकवून ओटीवर बसला तर समोरच्या घरातून रोजची हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पाळीला कुणी त्याला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी काशीराम आला, पण ओटीवर चढला नाही.

"मनाला पटत नव्हतं," काशीराम अंगणातूनच म्हणाला. "म्हणून मी स्वतः जाऊन बघून आलो. तुळशीदास, तू विकलंस ते विकलंस, निदान आम्हाला सांगायचं तरी."

"काय विकलं?"

"तुझा काठ. बिल्डिंगचा फोटो लागलाय ठेसनावर. पान्यात सावलीसकट."

तुळशीदास उठून वाडीत गेला. वाकडा माड, उंडी, मधे त्याचीच केळ. तो परत आला आणि म्हणाला, "चल बघू. कुठे हाय बिल्डिंग?"

"आज नसेल. प्लॅन पास झाल्याबिगर कोन फोटो लावतो काय?" काशीरामचं म्हणणं उघड होतं. फोटो म्हणजे फोटो. चित्रकार खोटं काढेल, फोटो खोटा कसा निघेल?

मितेश कामावरून आला तेव्हा बाप अंधारातच ओटीवर बसलेला होता आणि आई, नर्मदा, दारात उभी होती. सगळं ऐकून मितेशला आधी हसू आलं. खरंच आलं. त्याला वाटलं, चला, आता तरी आळीला कळेल की आपण काय करतो. "आबा, ते मी केलंय," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर. तशी बिल्डिंग कुठेच नाही."

"तू केलंस," तुळशीदास म्हणाला. "मग आपलाच काठ कशाला घेतलास?"

"उजेड तिथे चांगला होता."

तुळशीदासला हे उत्तर कळलं नाही. नर्मदा म्हणाली, "जाऊ द्या ना. रविवारी सगळ्यांना नेऊन दाखव काय ते. हातच्या काकणाला आरसा कशाला?" बिचारीचा सरळ हिशोब होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर फेबियनने स्टुडिओ उघडून दिला. आळीतली कर्ती माणसं चपला बाहेर काढून आत आली. देवळातही ठेवत नाहीत इतक्या अदबीने त्यांनी त्या थंड खोलीत पाय ठेवला. तुळशीदास मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

मितेशने चित्र उघडलं. "हे बघा," तो म्हणाला. "हे एकावर एक ठेवलेले कागद आहेत असं समजा. एकेक कागद काढतो." त्याने कळ दाबली, पळणारं जोडपं गेलं. पुन्हा दाबली, ढग गेले. लोक पुढे सरकले. प्रतिबिंब गेलं, पावसाचे ओघळ गेले. मग इमारत गेली आणि उंडी आणि माडाच्या मध्ये तुळशीदासची केळ परत आली. कुणीतरी "आयला" म्हणालं. मितेशला स्फुरण चढलं. आपण कशासाठी बसलोय हे तो क्षणभर विसरला आणि कसब दाखवायच्या भरात त्याने शेवटची कळ दाबली. सगळ्यात खालच्या कागदावर मूळ फोटो तसाच पडून होता. पाण्यात तुळशीदास आला. लंगोटी, फडकं, हातात शेवाळ.

मितेशने घाईने कळ दाबली तर बाप गेला. पुन्हा दाबली तर बाप आला.

"आनि हा कोन?" काशीरामने विचारलं.

"मी हाय तो," मागून तुळशीदास म्हणाला. "मला काढलान होता."

मितेशला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो काहीतरी पुटपुटला, जाहिरात, गिऱ्हाईक, पद्धत. बापाने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो भिंतीपासून हलला नाही, फक्त अंगातल्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"म्हनजे बिल्डिंग पन तुझ्याच हातात नि बाप पन तुझ्याच हातात," काशीराम शांतपणे म्हणाला. "आज तू आम्हाला बिल्डिंग काढून दाखवलीस. उद्या आनखी कायतरी काढून दाखवशील. यातलं आम्ही खरं काय मानायचं?"

"मी आता तुमच्यासमोर..."

"समोरच तर केलंस. तेच बोलतोय मी."

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? काशीरामच्या दोन मुलांनी मुंबईत गाळा बघून ठेवला होता, हे मितेशला पुढे कळलं. दुसऱ्या घरात मुलीचं लग्न होतं, तिसऱ्या घरात भावाभावांची वाटणी अडलेली. ओंजळीतल्या पाण्याचं ओझं सगळ्यांनाच झालं होतं, फक्त ते आधी कुणी सांडायचं एवढाच प्रश्न होता. तो प्रश्न मितेशच्या चित्राने सोडवला. आधी तुळशीदासने सांडलं, मग आमची काय चूक? काशीराम श्रीपतशेठकडे गेला आणि त्याने विचारलं, तुळशीदासने दिलं का हो. श्रीपतशेठने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो नुसता हसला आणि त्याने चहा मागवला. इतकी वर्षं दलालांनी चपला झिजवून जे झालं नव्हतं ते एका हसण्यात झालं. शिमग्याच्या आत तुळशीदासचा काठ सोडून पुरं बावखल श्रीपतशेठकडे गेलं.

आणि मग लोकांची जी फजिती झाली ती बघण्यासारखी होती. सामायिक पाणी. एक हिस्सेदार बाहेर राहिला तर भर टाकता येत नाही, आणि भर टाकता येत नाही तर श्रीपतशेठ उरलेले पैसे सोडत नाही. ज्याने आधीच विकलं म्हणून अख्ख्या आळीने त्याचं पाणी तोडलं होतं, त्याचीच संमती तेवढी बाकी निघाली.

एका सकाळी काशीराम आला. या वेळी तो ओटीवर चढला, सतरंजीवर बसलाही. नर्मदेने चहा आणला. आलेल्याला चहा न देणं तिला जमलंच नसतं.

"तुळशीदास," काशीराम कपातच बघत म्हणाला, "तुझी सही तेवढी राहिलीय."

"माझी कशाला? मी तर सगळ्यांच्या आधी विकलंय," तुळशीदास म्हणाला. "तूच सांगत आलास की अंगणात."

काशीरामने कप बशीत ठेवला.

"म्हनजे तुम्हाला ठाऊक होतं," तुळशीदास म्हणाला. "माझ्या पोराच्या खोलीत उभे होतात तेव्हापन ठाऊक होतं."

"पोरांचं बघायला लागतं रे. तू पन बघ. तुझा पोरगा काय पानवेल लावनार हाय?"

"माझा पोरगा काय लावनार ते मी बघेन. मी सही करनार नाय. जा."

मितेश आत माजघरात उभा राहून हे ऐकत होता. त्या दिवसापासून बापाशी सरळ नजर मिळवायची त्याची हिंमत झाली नव्हती, पण हे ऐकून त्याला बापाचा फार अभिमान वाटला. त्याने ठरवलं, संध्याकाळी आबांजवळ बसायचं आणि चुकलो म्हणायचं. मग ती संध्याकाळ टळली, पुढचीही टळली. घरात असली बोलणी उद्यावर टाकायची चाल असते.

आठवडाभराने श्रीपतशेठची गाडी स्टुडिओसमोर थांबली. फेबियन चर्चच्या एका कार्यक्रमाचे फोटो काढायला गेला होता. शेठने मितेशला गाडीत बसवून घेतलं, काचा वर केल्या आणि गाडी गासच्या रस्त्याला लावली.

"तुझं काम मी बघितलंय," तो म्हणाला. "झावळ्यांमधून भिंत दाखवणारा माणूस. मग एक सही म्हणजे काय रे? ती पण एक चित्रच. तुझ्या घरी बापाच्या सहीचा कागद असेलच एखादा."

मितेशने काचेबाहेर पाहिलं. "नाही जमणार," तो म्हणाला.

"जमणार नाही, की करणार नाही?"

"करणार नाही."

श्रीपतशेठ रागावला नाही. गाडी आळीच्या तोंडाशी उभी करून त्याने हात लांब करून मितेशच्या बाजूचं दार उघडलं. "विरारला आता गल्लीगल्लीत तुझ्यासारखी पोरं बसलीत," तो म्हणाला. "घरचंच काम होतं, म्हणून आधी तुला विचारलं." मितेश उतरला. समोर काशीराम सायकल धरून उभा होता. श्रीपतशेठने काच खाली केली आणि काशीरामसमोर मितेशला हात केला, जवळच्या माणसाला करावा तसा.

हे घरी सांगायला हवं होतं. त्याच क्षणी, चपलाही न काढता सांगायला हवं होतं. पण मितेशला वाटलं, आबांना आणखी कशाला त्रास? माझ्या पोराला लोक असलं काम विचारतात, हे कोणत्या बापाला ऐकवेल? एकदा चांगुलपणा करायला गेला, तोही नेमका नको तिथे. बापाला मात्र ती गाडी काशीरामने रात्रीच्या आतच सांगितली.

डंपर आले ते वैशाखात, पाणी तळाला गेल्यावर. पहिल्या डंपरने काशीरामच्या काठावरून लाल माती ओतली. तुळशीदास धावत गेला आणि दुसऱ्या डंपरच्या पुढ्यात आडवा उभा राहिला. हाकाटी झाली. अख्खी आळी जमली, पोलीस आले, महसूल खात्याचा एक तरुण अधिकारीही आला. माणूस नीट होता, आवाज न चढवता बोलत होता. त्याने डंपर बंद करायला लावले आणि श्रीपतशेठच्या माणसाकडून कागद मागून घेतले. मितेशला कुणीतरी स्टुडिओतून बोलावून आणलं. तो पोचला तेव्हा अधिकारी तुळशीदाससमोर एक कागद धरून उभा होता.

"तुमचं संमतीपत्र यात आहे, काका," अधिकारी म्हणाला. "सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आहेत. ही तुमची सही ना? नीट बघा. नसेल तर तसं सांगा. मी आत्ताच्या आत्ता काम थांबवतो आणि खोटी सही ज्याने केली त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. त्यात सुटका नसते."

तुळशीदासने कागद हातात घेतला. मितेशने बाजूने वाकून पाहिलं. सही हुबेहूब होती. दाब तोच, शेवटाला ओढलेली रेघ तीच. विरारच्या कुठल्यातरी गल्लीत कुणीतरी जीव ओतून काम केलं होतं. मितेशला हायसं वाटलं. आता आबा नाही म्हणतील, डंपर माघारी जातील, श्रीपतशेठ आत जाईल आणि सगळं मिटेल. एका शब्दाचं काम होतं.

तुळशीदासने मान वर केली आणि गर्दीत मुलाकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मितेश तापाने फणफणला की तो उशाशी बसून जसा बघायचा, तसं पाहिलं. मितेशने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. म्हणजे मी नाही. बापाला त्यातून काय समजलं ते बापालाच ठाऊक.

"माझीच हाय," तुळशीदास म्हणाला.

"नक्की?"

"मीच केली. चार लोकांसारखी मीपन केली." हे तो आळीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उगाच लाजलो नि आडवा झालो. टाका माती."

काशीरामने मान खाली घातली. मागे कुणीतरी बाई म्हणाली, "बघा, आम्ही बोलत होतो ना, यानेच आधी विकलं." अधिकाऱ्याने कागद परत घेतला, एक नोंद केली आणि डंपरवाल्याला हात केला.

मितेश बापाच्या मागोमाग ओटीवर आला. "आबा," तो म्हणाला, "मी नाही केली ती. त्याने मला विचारलं होतं, पण मी नाही म्हणालो. कुणाचीही शपथ घालतो. मी नाही केली, आबा."

तुळशीदासने दार लोटून घेतलं आणि कडी लावली. बाहेर माती ओतल्याचा आवाज येत होता.

"हळू बोल," तो म्हणाला. "साहेब अजून गेला नाय."